दोन मालकांची पुस्तके : ‘डॉक्टर हू’च्या कादंबऱ्या आणि श्रुतिका

बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही मालिका दाखवायला सुरुवात केली, तेव्हा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम हा नाटकाच्या प्रयोगासारखा, एकदा झाला की संपणारा मानला जात असे. निळ्या पोलीस-पेटीच्या आकाराच्या यानातून काळात आणि अवकाशात फिरणाऱ्या, आणि नट बदलला की कथेतही नवे शरीर धारण करणाऱ्या ‘डॉक्टर’ या परग्रहवासीयाची कथा शनिवारी संध्याकाळी पंचवीस मिनिटांच्या भागांतून उलगडत जाई. भाग चुकला तर तो चुकलाच. चित्रफिती महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरता येत, शिवाय जुना भाग पुन्हा दाखवायचा तर नटांच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार पुन्हा मोबदला द्यावा लागे, आणि कार्यक्रम घरी विकत नेऊन पाहण्याची सोय अजून कोणाच्या कल्पनेतही नव्हती. त्यामुळे साठच्या दशकातले भाग पुढच्या दहा-बारा वर्षांत बीबीसीनेच पद्धतशीरपणे पुसले किंवा नष्ट केले. परदेशी वाहिन्यांकडून आणि खाजगी संग्राहकांकडून त्यांतले बरेच नंतर परत मिळाले, तरी सुमारे शंभर भागांची चित्रे हरवलीच. ही हानी ध्यानात घेतल्याशिवाय या मालिकेभोवती उभ्या राहिलेल्या पुस्तकांचे आणि ध्वनिनाट्यांचे मोल कळत नाही, कारण ज्याला समीक्षक जोडधंद्याचा माल समजत आले तोच माल कित्येक वर्षे मूळ कलाकृतीची एकमेव शिल्लक उरलेली नोंद होता.

या पुस्तकांचा पहिला प्रकार म्हणजे कादंबरीकरण, अर्थात पडद्यावर आधी दाखवलेल्या कथेवरून नंतर लिहिलेली कादंबरी. मराठी वाचकाच्या परिचयाची वाट याच्या उलट दिशेने जाणारी, ‘श्यामची आई’सारख्या पुस्तकावरून चित्रपट निघण्याची आहे, पडद्याकडून पुस्तकाकडे येणारी वाट मराठीत फारशी मळलेली नाही. इंग्लंडमध्ये मात्र मालिका सुरू झाल्यावर वर्षभरातच, नोव्हेंबर १९६४ मध्ये, फ्रेडरिक मुलर या प्रकाशकाने डेव्हिड व्हिटेकर याचे डालेक नावाच्या यंत्रकवचधारी जमातीवरील पुस्तक काढले. व्हिटेकर हा मालिकेचाच कथा-संपादक, पण त्याने पटकथा नुसती उतरवून काढली नाही. सारी कथा त्याने डॉक्टरबरोबर प्रवास करणाऱ्या इयन चेस्टरटन या शिक्षकाच्या तोंडून सांगितली आणि तिची सुरुवात पडद्यावरच्याहून अगदी वेगळी, धुक्यात झालेल्या मोटारीच्या अपघाताने केली. वाचकाने मालिकेचा पहिला भाग पाहिला असेलच असे गृहीत धरता येत नव्हते आणि पाहिला नसेल तर तो पाहण्याचा मार्गही उरला नव्हता, त्यामुळे पुस्तकाला स्वतःच्या पायांवर उभे राहणे भाग होते. मुलरने आणखी दोन पुस्तके काढली आणि १९६६ नंतर हा उपक्रम थांबवला.

मे १९७३ मध्ये ‘टार्गेट’ या नव्या मुलांसाठीच्या पुस्तकमालेने हीच तीन जुनी पुस्तके कागदी बांधणीत, क्रिस अकिलिऑस याच्या ठिपक्यांच्या छायांकनाने रेखलेल्या मुखपृष्ठांसह पुन्हा बाजारात आणली. या पुनर्मुद्रणाच्या यशातूनच पुढची मालिका उभी राहिली, हे मुद्दाम नोंदवायला हवे. जानेवारी १९७४ पासून नवी पुस्तके येऊ लागली आणि दोन दशकांत त्यांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. त्यांतली साठांहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स याने लिहिली. बहुतेक पुस्तके सव्वाशे पानांच्या आसपासची. मोठ्या कागदाची घडी घालून पाने कापली जात असल्यामुळे १२८ हा आकडा सोयीचा पडे, आणि चार भागांची असो की सहा भागांची, कथा त्याच मापात बसवावी लागे. डिक्सची वाक्ये आखूड आणि स्वच्छ. यान उतरतानाचा आवाज तो पुस्तकामागून पुस्तकात जवळजवळ त्याच विशेषणांनी सांगतो, आणि कीर्तनकाराची ठरलेली लकब जशी श्रोत्यांना खटकत नाही तशी ही पुनरुक्ती वाचकांनाही खटकली नाही, उलट ती या पुस्तकांची खूणच बनली. माल्कम हल्क हा दुसऱ्या तऱ्हेचा लेखक. पडद्यावर रबरी मुखवट्यांमुळे काहीशा हास्यास्पद दिसलेल्या सरपटणाऱ्या प्राचीन जमातीला त्याने १९७४ च्या पुस्तकात नावे दिली, आठवणी दिल्या, आणि माणूस नावाचा प्राणी त्यांना कसा दिसत असेल ते त्यांच्याच नजरेने दाखवले. १९८३ मध्ये प्रकाशकाने पुस्तकांच्या कण्यावर क्रमांक घालायचे ठरवले, तेव्हा आधीच्या ७३ पुस्तकांना प्रकाशनाच्या किंवा प्रसारणाच्या क्रमाने नव्हे, तर सरळ वर्णानुक्रमाने आकडे दिले गेले. परिणामी कपाटात क्रमाने लावलेली पुस्तके वाचणाऱ्या मुलाला डॉक्टरचा चौथा अवतार पहिल्याच्या आधी भेटू शके. इतिहासकाराला हा गोंधळ वाटेल, पण ज्या मुलांनी मालिका पाहिलीच नव्हती त्यांच्या मनातला तिचा कालक्रम याच कपाटाने ठरवला.

तरीही या संचात काही जागा रिकाम्या राहिल्या, आणि पुढच्या साऱ्या गुंतागुंतीची किल्ली त्या रिकाम्या जागांत आहे. ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या रूढ करारांत मालिका बीबीसीची असली, तरी बाहेरच्या लेखकाने लिहिलेली पटकथा आणि तीत त्याने निर्माण केलेली पात्रे यांवरचा हक्क त्या लेखकाकडे राही. डालेकांची कल्पना टेरी नेशन याची, तर त्यांचे दृश्यरूप बीबीसीच्या नोकरीत असलेल्या रेमंड क्युसिक याने घडवलेले; म्हणून डालेक पुस्तकात आणायचा तर एकट्या बीबीसीची संमती पुरेशी नव्हती. डग्लस ॲडम्स याने मालिकेसाठी लिहिलेल्या कथा ‘टार्गेट’च्या नेहमीच्या मानधनात स्वतः लिहिणे त्याला परवडणारे नव्हते आणि दुसऱ्या कोणी त्या लिहाव्यात हेही त्याला मान्य नव्हते, तेव्हा त्या राहिल्या. एरिक सॉवर्ड याच्या डालेकांवरील दोन कथाही करार न जुळल्याने राहून गेल्या.

डिसेंबर १९८९ मध्ये मालिका बंद पडली. ‘टार्गेट’ची मालकी तोवर हस्तांतरित होत होत व्हर्जिन या प्रकाशनसंस्थेकडे आली होती आणि पडद्यावर नवी कथा येणार नसल्याने कादंबरीकरणासाठी कच्चा मालही संपत आला होता. संपादक पीटर डार्व्हिल-एव्हान्स याने बीबीसीकडून मूळ कादंबऱ्या काढण्याचा परवाना मिळवला. परवाना म्हणजे ठरावीक मुदतीपुरती, मोबदल्याच्या बदल्यात, दुसऱ्याच्या मालकीची पात्रे आणि नावे वापरण्याची मुभा. जून १९९१ पासून ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ ही माला सुरू झाली आणि तीत डॉक्टरच्या ६१ कादंबऱ्या निघाल्या. एजंट नसलेल्या, पूर्वी काही न छापलेल्या लेखकांनीही हस्तलिखिते पाठवावीत असे या संपादकांचे धोरण होते, आणि त्या दाराने आत आलेल्यांत पॉल कॉर्नेल होता, मार्क गॅटिस होता. रसेल टी. डेव्हिस दूरचित्रवाणीवर आधीच लिहीत होता, पण त्याची डॉक्टरवरची पहिली कथा म्हणजे १९९६ ची याच मालेतली कादंबरी. २००५ मध्ये मालिकेला पुन्हा जिवंत करणारी पिढी, तिच्या विजनवासाच्या काळात, या कादंबऱ्यांत हात बसवून घेत होती असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

यांपैकी कोणत्याही कादंबरीच्या शीर्षकपानामागचे बारीक अक्षरांचे पान उघडले, तर स्वामित्वहक्काच्या दोन स्वतंत्र ओळी एकाखाली एक छापलेल्या दिसतात. पहिल्या ओळीत मजकुराचा हक्क लेखकाच्या नावावर आहे, दुसऱ्या ओळीत ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा हक्क बीबीसीच्या नावावर. पुस्तक दुकानात असेपर्यंत या दोन ओळींकडे कोणी ढुंकून पाहिले नसेल. पण परवान्याची मुदत संपली की लेखकाकडे स्वतःची वाक्ये उरतात आणि त्या वाक्यांतला नायक उरत नाही; बीबीसीकडे नायक उरतो, वाक्ये नाहीत; आणि प्रकाशकाकडे गोदामातल्या प्रती तेवढ्या उरतात. वाचक नसल्यामुळे पुस्तक दुर्मिळ होणे ही जगाची रीत आहे, परंतु ही पुस्तके दुर्मिळ झाली ती वाचक असताना.

घडलेही तसेच. मे १९९६ मध्ये डॉक्टरवरचा एक दूरचित्रपट निघाल्यावर बीबीसीने हा व्यवसाय स्वतःच्या प्रकाशन विभागात नेण्याचे ठरवले आणि व्हर्जिनचा परवाना वाढवून दिला नाही. मार्च १९९७ मध्ये आलेली मार्क प्लॅट याची ‘लंगबॅरो’ आणि एप्रिलमधली लान्स पार्किन याची ‘द डाइंग डेज’ या डॉक्टर असलेल्या अखेरच्या कादंबऱ्यांपैकी. पुढे छापता येणारच नसलेल्या या पुस्तकांच्या प्रती लवकरच हाताबाहेर गेल्या आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात ‘लंगबॅरो’ला मूळ किमतीच्या कित्येक पट भाव येऊ लागला, अर्थात त्यातला एक पैसाही लेखकाला मिळण्याचा प्रश्न नव्हता. बीबीसीच्या स्वतःच्या दोन माला १९९७ ते २००५ या काळात चालल्या आणि त्यांत दीडशेच्या घरात कादंबऱ्या निघाल्या. नवी मालिका पडद्यावर येताच त्याही थांबवल्या गेल्या.

आवाजाची कथा याला समांतर, पण अधिक विलक्षण आहे. चित्रे पुसली गेली तरी हरवलेल्या एकूण एक भागाचा ध्वनी शिल्लक आहे, आणि तो बीबीसीने जपला म्हणून नव्हे. साठच्या दशकात काही शाळकरी प्रेक्षक दूरचित्रवाणी संचापुढे ध्वनिमुद्रक यंत्राचा मायक्रोफोन धरून बसत, त्यांतले तंत्र जाणणारे थेट संचाच्या आतल्या तारांना तारा जोडून घेत, आणि घरच्यांना अर्धा तास खोकू नका, बोलू नका असे बजावत. या घरगुती फितींवरून स्वच्छ करून, मध्ये निवेदन घालून, बीबीसीने नव्वदच्या दशकापासून ते भाग कॅसेट आणि सीडीवर विकले. प्रेक्षकांनी विनापरवाना टिपलेली वस्तू परवान्याच्या मालकाने त्याच प्रेक्षकांना परत विकावी, हा व्यवहार कायद्याने चोख असला तरी त्यातली गंमत लपत नाही.

ज्याला मराठी नभोवाणीने श्रुतिका हा नेमका शब्द दिला, ते केवळ कानांसाठी रचलेले नाटक या मालिकेच्या वाट्याला आधी तुरळकच आले. १९७६ मध्ये टॉम बेकर आणि एलिझाबेथ स्लेडन यांच्या आवाजात ‘द पेस्कॅटन्स’ ही ग्रामोफोन तबकडी निघाली, १९८५ मध्ये रेडिओ फोरवर ‘स्लिपबॅक’ झाले. ऐंशीच्या दशकात ‘ऑडिओ-व्हिज्युअल्स’ नावाच्या हौशी मंडळाने परवाना न घेता पूर्ण लांबीची नाटके ध्वनिमुद्रित करून चाहत्यांमध्ये कॅसेटवर पसरवली; त्यांत डॉक्टर झालेला निकोलस ब्रिग्ज आणि त्याचा सहकारी गॅरी रसेल हे दोघे पुढे ‘बिग फिनिश’ या व्यावसायिक संस्थेच्या कामात आले. पण या संस्थेचा प्रारंभ डॉक्टरने झाला नाही. पॉल कॉर्नेलने १९९२ च्या ‘लव्ह अँड वॉर’ या कादंबरीत बर्निस समरफील्ड ही सव्विसाव्या शतकातली, दारू आणि दुरुत्तरे दोन्हींत तरबेज असलेली पुरातत्त्वज्ञ निर्माण केली होती आणि ती मालकीने त्याचीच होती. डॉक्टरचा परवाना गेल्यावर व्हर्जिनने तिला एकटीला नायिका करून माला काही काळ चालवली, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये ‘बिग फिनिश’ने लिसा बोअरमन हिच्या आवाजात तिचीच श्रुतिका पहिली म्हणून काढली. डॉक्टरच्या कादंबऱ्यांवरून बेतलेल्या ‘बर्थराइट’ आणि ‘जस्ट वॉर’ या आरंभीच्या दोन श्रुतिकांत डॉक्टरलाच वगळावे लागले. शीर्षकपानामागच्या त्या दोन ओळींपैकी एकच हाती असेल तर कथेची शिलाई कोठे उसवते, हे या दोन श्रुतिका ऐकताना कानाने कळते. या कामावरून संस्थेची क्षमता बीबीसीला पटली आणि जुलै १९९९ मध्ये ‘द सायरन्स ऑफ टाइम’ ही पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मकॉय या तीन डॉक्टरांची परवानाधारक श्रुतिका निघाली. दोन सीडींवर पंचवीस-पंचवीस मिनिटांचे चार भाग आणि प्रत्येक भागाच्या शेवटी श्वास रोखायला लावणारा प्रसंग, हे जुन्या शनिवार संध्याकाळचेच माप तिने स्वीकारले. या मुख्य मालेच्या २७५ श्रुतिका मार्च २०२१ पर्यंत निघाल्या.

संगणकीय पुनःप्रकाशनाचा पहिला लक्षणीय प्रयोग बीबीसीच्याच संकेतस्थळावर नव्या शतकाच्या आरंभी झाला. ‘लंगबॅरो’, ‘द डाइंग डेज’, कॉर्नेलची ‘ह्यूमन नेचर’, गॅटिसची ‘नाइटशेड’ अशा व्हर्जिनच्या आठ कादंबऱ्या तेथे संपूर्ण आणि विनामूल्य वाचायला ठेवल्या गेल्या. काहींना नवी चित्रे आणि प्रकरणागणिक लेखकाची टिपणे जोडली होती. बाजारात ज्या पुस्तकासाठी चढे दाम मोजावे लागत होते ते कोणीही घरबसल्या वाचू लागला. २००७ मध्ये कॉर्नेलनेच ‘ह्यूमन नेचर’वरून नव्या मालिकेचे दोन भाग लिहिले, त्यांत पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरच्या शाळेत स्वतःची ओळख विसरून मास्तर होऊन राहिलेला डॉक्टर तोच होता, पण बर्निस नव्हती. संकेतस्थळावरचे हे विनामूल्य प्रकाशन शक्य झाले ते लेखकांनी आपल्या वाट्याची ओळ आणि बीबीसीने आपल्या वाट्याची ओळ एकाच वेळी सोडायला मान्यता दिली म्हणून. मात्र ही पाने कायमची नव्हती. काही वर्षांनी संकेतस्थळाचा तो भाग काढून टाकला गेला. छापील प्रत दुर्मिळ झाली तरी कोणाच्या तरी माळ्यावर सापडते; काढून टाकलेले पान ज्याने उतरवून ठेवले त्याच्याचकडे राहते.

दरम्यान व्यवसायाच्या कागदपत्रांत एक चमत्कारिक गाठ पडली. बीबीसी बुक्स २००६ मध्ये रँडम हाऊसच्या एबरी विभागात गेली आणि व्हर्जिन बुक्सही पुढच्याच वर्षी त्याच छपराखाली आली. १९९७ मध्ये ज्यांचे संबंध तुटले होते ते दोन प्रकाशक आता एका कंपनीच्या दोन खोल्यांत होते. तरीही जुन्या कादंबऱ्या सरसकट परत आल्या नाहीत, आल्या त्या निवडून निवडून : २०११ पासून ‘टार्गेट’ची काही पुस्तके नव्या प्रस्तावनांसह, २०१३ मध्ये मालिकेच्या पन्नाशीनिमित्त अकरा कादंबऱ्या, २०१४ मध्ये राक्षसांच्या संचात व्हर्जिनच्या काही, २०१५ मध्ये ‘ह्यूमन नेचर’, कागदावर आणि ई-पुस्तक म्हणून. असे निवडक पुनरागमन पाहून वाचक प्रकाशकाला आळशी ठरवतो, परंतु ते पुरते न्याय्य नाही. जुन्या करारात ई-पुस्तकाचा उल्लेख नसेल तर लेखकाशी किंवा त्याच्या वारसांशी नवा करार करावा लागतो. कथेत दुसऱ्या लेखकाने निर्मिलेला राक्षस डोकावत असेल तर त्याच्या मालकाचीही संमती हवी. मुखपृष्ठाचे चित्र चित्रकाराचे असते. आणि अंतिम मजकुराची फाइल हाती नसेल तर छापील प्रतीची पाने यंत्राने टिपून, अक्षरओळखीत झालेल्या चुका माणसाला एकेक करून निस्तराव्या लागतात. डालेक, सायबरमन आणि आणखी दोघांचे राक्षस घातलेली कादंबरी वाचायला जितकी बहारीची, तितकी पुन्हा छापायला जिकिरीची.

श्रुतिकांची वाट या मानाने सोपी ठरली. ‘बिग फिनिश’कडे मूळ ध्वनिमुद्रणे होती आणि परवानाही चालू होता, तेव्हा संपलेली सीडी पुन्हा न दाबता तीच श्रुतिका फाइलरूपाने विकणे हा केवळ यंत्रणेचा प्रश्न उरला. ज्या कादंबऱ्या छापता येत नव्हत्या त्यांनाही हीच वाट मिळाली : २०१२ मध्ये ‘लव्ह अँड वॉर’, २०१५ मध्ये डेव्हिसची ‘डॅमेज्ड गुड्स’, २०१६ मध्ये ‘नाइटशेड’ श्रुतिका होऊन आल्या, आणि चौदा वर्षे बर्निसचा आवाज असलेल्या बोअरमनला बर्निस आणि डॉक्टर प्रथम भेटतात तो प्रसंग अखेर साकारता आला. ‘ह्यूमन नेचर’च्या वाचनाची ध्वनिमुद्रित आवृत्तीही तिच्याच आवाजात निघाली. परंतु परवाना सुटला की येथेही तेच होते. याच संस्थेचे छापील लघुकथासंग्रह २००९ मध्ये कथांचा परवाना संपल्यावर बाजारातून गेले. बीबीसीचा श्राव्य-पुस्तकांचा व्यवसाय २०१० मध्ये ज्या ‘ऑडिओगो’ कंपनीकडे गेला होता ती २०१३ च्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली, आणि कंपनीच्या संगणकावर साठवलेल्या पुस्तकाची ‘मालकी’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तिच्या ग्राहकांपुढे उभा राहिला.

रिकाम्या राहिलेल्या जागा मात्र उशिरा का होईना भरल्या. ॲडम्सच्या कथांचे कादंबरीकरण त्याच्या निधनानंतर, २०१२ ते २०१७ या काळात, गॅरेथ रॉबर्ट्स आणि जेम्स गॉस यांनी केले. सॉवर्डच्या डालेककथा २०१९ मध्ये स्वतः त्यानेच लिहून पुऱ्या केल्या. गॉसची ‘सिटी ऑफ डेथ’ २०१५ मध्ये चांगली जाडजूड, पुठ्ठा बांधणीची कादंबरी म्हणून निघाली होती. एप्रिल २०१८ मध्ये ‘टार्गेट’चे जुने बोधचिन्ह पुन्हा छापायला घेतले गेले तेव्हा नव्या मालिकेच्या चार कथांसोबत तीही त्या संचात आली, अकिलिऑसच्या धर्तीवर अँथनी ड्राय याने काढलेल्या मुखपृष्ठासह, आणि पानांच्या संख्येची अडचण ज्यात उरलेलीच नाही अशा ई-पुस्तकाच्या युगात गॉसने आपलीच कादंबरी पुन्हा हाती घेऊन, प्रसंगामागून प्रसंग छाटत, टेरन्स डिक्सच्या मापात बसवून दिली.